जुन्या गोल्फ कार्टचे ब्रेक लागेनात: आणखी आवळायचे की ड्रम उघडायचा?

आमराईवाला
मंडळी, खुलताबादहून म्हैसमाळच्या अंगाला आमचं छोटंसं कृषी पर्यटन केंद्र आहे. गेटापासून आमराईपर्यंत पाहुणे न्यायला एक जुनी गोल्फ कार्ट घेतलीय. ४८ व्होल्टची, आठ-आठ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या. मागं उलट्या तोंडाचं सीट जोडून कुणीतरी चौघांची केलेली आहे. गावात तिला सगळे बग्गीच म्हणतात.

सपाटीला ठीक चालते. आमराईकडं उतार आहे, तिथं चौघं बसले की पायडल जवळजवळ तळाला टेकतं आणि गाडी आपल्या मर्जीनं थांबते. पार्किंग ब्रेक लावून उभी केली तर हळूच सरकते.

गावातल्या मेकॅनिकनं खालून पायडलच्या रॉडचा नट आवळून दिला. थोडे दिवस बरं वाटलं, आता परत तेच. वर आता बॅटरीही लवकर उतरायला लागलीय. तो म्हणतो, आणखी दोन आटे आवळू. ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आहेत. ब्रेक ऑइल वगैरे भानगड नाही, सगळं केबलवर. हुरड्याचा हंगाम तोंडावर आलाय, लेकरंबाळं बसणार. काय करू?

बिनकामाचा
हुरडा कधीपासून सुरू? ब्रेकचं मग बघू.

किक_मारणारे_काका
त्या नटाला आता कुणालाही हात लावू देऊ नका.

जुनी स्कूटर ज्यांनी वापरली त्यांना ही खोड माहीत असेल. ब्रेक कमी लागला की केबलचा नट आवळायचा, परत कमी लागला की परत आवळायचा, आणि एक दिवस आटेच संपायचे. चाकाबरोबर फिरणारा डबा म्हणजे ड्रम, त्याला आतून दाबणारे कमानीसारखे तुकडे म्हणजे शू, आणि शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. तोवर आत लायनर घासून शूचं लोखंड ड्रमला लागलेलं असायचं. तुमच्या गाडीत तेच चाललंय. पायडल खाली जातंय याचं कारण आत ड्रममध्ये आहे, पायडलपाशी नाही.

वाळूज_शिफ्ट_बी
काकांशी सहमत, पण यात स्कूटरपेक्षा एक गोष्ट वेगळी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बहुतेक गोल्फ कार्टचे ड्रम ब्रेक स्वतःच ॲडजस्ट होणारे असतात. लायनर जसं झिजतं तसा आतला ॲडजस्टर एकेक दात पुढं सरकतो आणि शू ड्रमच्या जवळ येतो. पण त्यासाठी पायडल सोडल्यावर आतला लिव्हर पूर्ण मागं यावा लागतो, तरच तो पुढचा दात पकडतो. बाहेरून रॉड आवळला की केबल कायम ताणलेली राहते, लिव्हर अर्ध्यावरच अडकतो आणि ॲडजस्टरचं काम बंद पडतं. म्हणजे आवळल्यानं ब्रेक सुधारत तर नाहीच, उलट स्वतःहून सुधारायची त्याची सोय जाते.

बॅटरी लवकर उतरतेय ना? शू ड्रमला सतत घासत असणार. मोटर ब्रेक ओढत गाडी चालवतेय.

आधी एक साधी तपासणी करा. एक फेरी मारा, थांबा, आणि दोन्ही मागच्या चाकांजवळ हात न्या. ड्रमला लावू नका, नुसता जवळ न्या. दोन्हीकडं सारखं गरम लागतंय का एक तापलेला आणि एक गार, ते इथं सांगा. मग पुढचं बोलू.

बार्शी_नाक्यावरून
आमच्या लातूरला कार्यालयाच्या लॉनवर हाय असली बग्गी. नवरदेवाला गेटापासून स्टेजपर्यंत त्यातच आणूलालेत आता, घोडं गेलं. मागच्या लग्नात वाजंत्रीवाल्याच्या पाठीला टेकूनच थांबली. लोकायला वाटलं मुद्दामच केलंय, टाळ्या पडल्या.

बिनकामाचा
नवरदेव थांबत नव्हता का बग्गी?

बार्शी_नाक्यावरून
दोघं बी.

नांदेडकर_हल्ली_पुण्यात
जुन्या ड्रमच्या मागं लागण्यात अर्थ नाही. पुढच्या चाकांना हायड्रॉलिक डिस्कचं किट मिळतं, बसवून टाका. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर येतं, त्यामुळे खरा ब्रेक पुढंच हवा. मोटारगाडीत तसंच असतं.

वाळूज_शिफ्ट_बी
तत्त्व बरोबर आहे, पण किट बसवायचं तर हब, मास्टर सिलिंडर, पाइप, कधी कधी पुढचे स्पिंडलसुद्धा बदलावे लागतात. जुन्या कार्टच्या किमतीच्या मानाने ते परवडत नाही. आणि ताशी २० किलोमीटरच्या आसपास चालणारी गाडी मागच्या दोन धड ड्रमवर व्यवस्थित थांबते. हजारो गाड्या गोल्फच्या मैदानांवर तशाच थांबताहेत.

अडचण येते ती वेग वाढवल्यावर. कंट्रोलर बदलून कुणी २० ची ३० केली असेल, तर थांबवायची ऊर्जा दीडपट नाही, सव्वादोन पट होते. कारण ती वेगाच्या वर्गावर वाढते. त्यात मागं जास्तीचं सीट. आमराईवाले, तुमच्या गाडीचा वेग कुणी वाढवलाय का, तेही बघून घ्या.

नांदेडकर_हल्ली_पुण्यात
ठीक. पण इलेक्ट्रिक गाडीत मोटरच ब्रेक लावते ना? रीजनरेटिव्ह की काय ते, गाडी आवरताना वीज परत बॅटरीत भरणारं. मग ड्रमवर एवढा भार कशाला येतो?

कणसातले_दाणे
परभणीहून. शेती अवजारांच्या यंत्रशास्त्रात नोकरी, म्हणून मध्ये बोलते.

जुन्या कार्टमध्ये सिरीज मोटर असेल तर उतारावर मोटर काहीच धरत नाही, गाडी मोकळी धावते. नंतरच्या गाड्यांमध्ये मोटर वेग आवरते, पण तिच्यावर ब्रेक म्हणून विसंबू नये. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी वीज घ्यायला तिच्यात जागा नसते, म्हणजे सकाळच्या पहिल्या फेरीलाच हा आधार कमी. आणि गाडी ढकलत न्यायला सीटखालचा स्विच टो वर (म्हणजे ओढून-ढकलून न्यायच्या खुणेवर) केला, की मोटरचं ते आवरणंही गेलं. उतारावर गाडी ढकलणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

आणखी एक. चौघं बसल्यावर एकूण वजन किती होतं बघा. बॅटऱ्यांसकट गाडीच चारशे-साडेचारशे किलोच्या घरात, वर माणसं अडीच-तीनशे किलो. ब्रेक निम्मे झालेले असले तरी एकटा चालवताना कळत नाही. पाहुणे बसल्यावर कळतं.

धारूरचा_घाट
रस्त्यावर चालवायला पासिंग लागतं का याला? आमच्या इथं एकानं सरळ बाजारात आणली होती.

कणसातले_दाणे
हो, सार्वजनिक रस्त्यावर लागतं. बिनपासिंगची सूट मिळते ती पाव किलोवॉटपेक्षा कमी ताकदीच्या, ताशी २५ च्या आतल्या आणि बॅटरीचं वजन सोडून ६० किलोच्या आतल्या बॅटरी गाड्यांना. ही गाडी बॅटऱ्या काढूनही त्याच्या कितीतरी पट भरेल. बंदिस्त आवारात चालवायची गोष्ट वेगळी.

आमराईवाला
सगळ्यांचे आभार. आवाराबाहेर नेतच नाही, त्याची काळजी नको. वेगही वाढवलेला दिसत नाही, आवारातल्याच मोकळ्या रस्त्यावर दुचाकी बरोबर लावून बघितली.

फेरी मारून हात जवळ नेला. डाव्या चाकाशी चांगलीच धग लागते, थुंकी टाकली असती तर चरचरली असती. उजवा गारेगार, जसा काही तो गाडीचा भागच नाही.

वाळूज_शिफ्ट_बी
सापडलं बहुतेक. डावा एकटाच सगळं ओढतोय, उजवा झोपलाय. आता गाडीखाली वाकून एक गोष्ट बघा. पायडलचा रॉड मागं जाऊन एका आडव्या पट्टीला जोडलेला असतो आणि त्या पट्टीच्या दोन टोकांना दोन केबली. कुणीतरी पायडल दाबून धरू द्या. पट्टी गाडीला काटकोनात सरळ राहतेय का तिरकी होतेय? तिरकी झाली तर दोन्ही बाजूंच्या केबली सारख्या सरकत नाहीत. जी बाजू पुढं येत नाही, तिकडची केबल अडकलेली.

आमराईवाला
तिरकी! डावं टोक पुढं येतं, उजवं जागचं हलत नाही.

किक_मारणारे_काका
उजवी केबल आत गंजून धरली. बग्गी धुता का पाइपानं?

आमराईवाला
रोज. पावसाळ्यात काळी माती चाकाला लाडूसारखी चिकटते, न धुऊन कसं चालेल.

किक_मारणारे_काका
धुवा, पण केबलच्या तोंडावर प्रेशरनं पाणी मारू नका. रबराची टोपी फाटलेली असली की पाणी आवरणाच्या आत जातं ते बाहेर येत नाही. वरून केबल नवीकोरी दिसते, आत तार आणि आवरण एकजीव झालेले असतात.

बिनकामाचा
यात मेकॅनिकनं नट आवळला तेव्हा थोडे दिवस बरं का वाटलं मग?

वाळूज_शिफ्ट_बी
चांगला प्रश्न, तुमच्याकडून अपेक्षित नव्हता. आवळल्यावर डाव्या शूवर ताण आणखी वाढला. तो आधीच झिजलेला, जोर लावून धरला, आणखी झिजला, परत सैल पडला. उजवा तेव्हाही काही करत नव्हता.

आता उघडायचं कसं ते. गाडी सपाटीवर, किल्ली बंद, गिअर मधोमध, सीटखाली टो-रनचा स्विच असेल तर टो वर, मग बॅटरीची मुख्य निगेटिव्ह केबल काढा. पुढच्या चाकांना पुढून-मागून ओट (दगड किंवा लाकडी ठोकळे) लावा. मागचे चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जॅक ॲक्सलखाली, बॉडीखाली नको. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालू नका, दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी टेकू) लावा. पार्किंग ब्रेक सोडलेला पाहिजे, नाहीतर ड्रम निघायचा नाही. आणि तो आवळलेला नट आधी सैल करा.

काही गाड्यांत चाक काढलं की ड्रम तसाच सरकून येतो. काहींत मध्ये धुळीची टोपी, तिच्याखाली स्प्लिट पिन आणि खाचांचा मोठा नट असतो. तो काढल्यावर ड्रम ॲक्सलच्या दातांवरून ओढायचा. जुन्या गाडीत सहजासहजी येणार नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा, मग कडेनं चहूबाजूंनी लाकडाचा ठोकळा ठेवून ठोका. छिन्नी घालून उचकटलात तर मागची पत्र्याची प्लेट वाकेल. डाव्या ड्रमला आतल्या कडेला झिजून काठ पडलेला असणार, त्यात शू अडकतील. तेव्हा ॲडजस्टर मागं फिरवून शू आत घ्यावे लागतील.

सगळ्यात महत्त्वाचं, आतली पूड कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर ब्रेक क्लीनर मारा, आणि नाकाला मास्क लावा.

कणसातले_दाणे
एका वेळी एकच बाजू सोडा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या. स्प्रिंग कुठल्या भोकात होती हे फोटोत कळत नाही, समोर बघून कळतं.

धारूरचा_घाट
हे पक्कं. आमच्या ट्रॅक्टरच्या वेळी दोन्ही बाजू एकदम सोडल्या आणि शेवटी एक स्प्रिंग उरली. ती अजून देव्हाऱ्याशेजारी आहे.

बिनकामाचा
आणि ट्रॅक्टर?

धारूरचा_घाट
विकला.

आमराईवाला
आज उघडलं. मेकॅनिकलाही बसवून घेतलं बरोबर.

डावा: लायनर जवळजवळ संपलंय, एका शूवर तर नखाएवढी पट्टी उरलीय. ड्रमला आत गोल गोल चर पडलेत, नख अडकतं. उजवा: लायनर जाडजूड, पण वरून काचेसारखं चकचकीत. केबल आतल्या लिव्हरपासून सोडवून ओढली, पकडीनं ओढूनही हलेना. तेल कुठं दिसलं नाही, दोन्हीकडं कोरडं आहे.

मेकॅनिक म्हणतो, उजवे शू चांगले आहेत, फक्त डावे बदला. खर्च निम्मा होईल.

किक_मारणारे_काका
चारही बदला. नवं लायनर आणि जुनं लायनर एका ॲक्सलवर सारखं धरत नाही, गाडी एका बाजूला ओढेल. चकचकीत झालेल्या लायनरला एमरी पेपर मारून खरखरीत करता येतं, तात्पुरतं म्हणून. पण उतारावर पाहुणे बसवायचे आहेत ना?

वाळूज_शिफ्ट_बी
चारही शू, दोन्ही केबली, स्प्रिंगांचा संच. केबल एक बदललीत तर जुनीचा ताण वेगळा राहील आणि पट्टी परत तिरकी. ड्रम लेथवर हलका फिरवून घ्या. बहुतेक ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या पुढं कातायचं नाही. चर त्यात जात नसतील तर ड्रम नवा.

नवीन शू मिळायला वेळ लागत असेल तर जुन्या शूवर नवं लायनर लावून देणारे कारागीर संभाजीनगरला अजून आहेत. चिकटवून भट्टीत भाजून देतात किंवा रिव्हेट मारतात. रिव्हेटचं करून घेतलंत तर डोकी लायनरच्या पृष्ठभागापासून बरीच आत बसलीत का, ते बोट फिरवून बघा.

नांदेडकर_हल्ली_पुण्यात
एवढ्यात डिस्कचं किट आलं असतं.

किक_मारणारे_काका
पुण्यात आलं असतं. खुलताबादला कुरिअरवाला फोन करून विचारतो, "साहेब, खाली उतरता का?"

बार्शी_नाक्यावरून
हे वाचून आमची बी चाकं काढलो. कार्यालयवाल्याला म्हणलं, पुढच्या नवरदेवाच्या आधी बघू. आमच्यात उजव्या ड्रममध्ये निसतं तेल. लायनर तेलानं काळं वल्लं झालंय. पेट्रोलनं धुऊन वाळवून लावू का?

वाळूज_शिफ्ट_बी
नका लावू. तेल लायनरच्या आत मुरलेलं असतं. धुतल्यावर कोरडं दिसेल, ड्रम तापला की परत बाहेर येईल. ते फेकाच. तेल येतंय ॲक्सलच्या ऑइल सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून. आधी सील, मग शू. उलटं केलंत तर नवे शू पण जातील.

आमराईवाला
बसवून झालं. शू, केबली, स्प्रिंगा नवीन. ड्रम लेथवर फिरवून व्यासात बसले. मागच्या प्लेटवर शू जिथं सरकतात त्या उंचवट्यांना गंज होता, तो घासून उष्णतेला टिकणाऱ्या ग्रीसचं बोट लावलं, अगदी नावाला. पायडलच्या रॉडला पुस्तिकेत दिलाय तेवढाच प्ले (मोकळी हालचाल) ठेवला. मग गाडी घोड्यांवरच असताना बरेचदा पायडल दाबून-सोडून घेतलं. दर वेळी आत टिक् आवाज यायचा, हळूहळू तो बंद झाला आणि पायडल वर आलं. मेकॅनिक कान लावून ऐकत होता.

चाकं हातानं फिरवत पायडल हळूहळू दाबायला लावलं, दोन्ही चाकं एकाच वेळी जड झाली. आडवी पट्टी आता सरळ आहे. पण ब्रेक मला अजून जरा मऊ वाटतोय. काही राहिलं का?

वाळूज_शिफ्ट_बी
नवं लायनर ड्रमच्या गोलाईला बसायला वेळ घेतं. सपाटीवर, एकट्यानं, मध्यम वेगातून हलकेच थांबायचं, मध्ये ड्रम गार होऊ द्यायचा. थोडं मागं घेऊनही थांबवा. पहिल्याच दिवशी उतारावर भरली गाडी घेऊन दाबून धरलीत तर लायनर परत काचेसारखं होईल.

आणि उतारावरची चाचणी माणसं बसवून करू नका.

कणसातले_दाणे
ज्वारीची पोती घाला. पन्नास किलोची सहा. पार्किंग ब्रेक लावून सगळ्यात तीव्र उतारावर उभी करा, खालच्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही, ओट हाताशी. तोंड खाली करून एकदा, तोंड वर करून एकदा.

आमराईवाला
केलं, पोती घालूनच. दोन्हीकडून जागची हलली नाही. पायडल मध्यावर येऊन कडक होतं. पूर्ण आवाराची फेरी मारून हात जवळ नेला, दोन्ही ड्रम सारखेच कोमट. बॅटरीही आता संध्याकाळपर्यंत पुरते.

मेकॅनिकनं दुसऱ्या दिवशी शेजारच्या लॉनवाल्याची बग्गी उघडायला घेतली. नटाला हात न लावता.

बिनकामाचा
पोती उतरवली असतील तर हुरड्याचं बोला.

आमराईवाला
ज्वारी निसवलीय. दाणा भरला की इथंच सांगतो.

बार्शी_नाक्यावरून
ते सील आणलंय. बसवायच्या आधी काय बघायचं का?

वाळूज_शिफ्ट_बी
हो. डिफरन्शियलमध्ये (मागच्या ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या डब्यात) तेल जास्त तर भरलेलं नाही ना ते बघा. मागच्या कुणी वरपर्यंत भरून ठेवलं असेल तर जास्तीचं तेल ॲक्सलकडं सरकतं आणि सीलमधून वाट काढतं. नवीन सीलही तसंच गळेल. ॲक्सलवर सील जिथं बसतं तिथं बोट फिरवा, खाच पडली असेल तर नुसतं सील पुरणार नाही.

बार्शी_नाक्यावरून
लेव्हलचा बोल्ट कुठं असतोय?

वाळूज_शिफ्ट_बी
डिफरन्शियलच्या पोटाला, बाजूनं. अगदी तळाला असेल तो रिकामं करायचा, तो सोडू नका. गाडी सपाटीवर ठेवून बाजूचा सोडा, भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल लागलं की पुरे. वाहून आलं तर येऊ द्या, थांबेपर्यंत बोल्ट लावू नका.